फाइलमध्ये सॉइल रिपोर्ट आहे, पण माती तपासली का? दूषित जागांच्या सरकारी आणि खासगी तपासणीचं परीक्षण, बडोद्यातून

बडोद्यात जुनी शेड किंवा बंद कारखान्याचा प्लॉट विकायला निघाला की फाइलमध्ये एक 'सॉइल रिपोर्ट' हमखास असतो. घेणारा तो बघतो, माती तपासून झाली असं धरून चालतो आणि टायटलच्या कागदांकडे वळतो. पण तो रिपोर्ट मातीच्या ताकदीचा असतो. माती किती भार पेलेल, पाया किती खोल न्यायचा, काळी माती पावसात फुगून जोतं उचलेल का, एवढंच त्यात असतं. मातीत शिसं किंवा क्रोमियम आहे का, सुटे भाग धुण्याच्या हौदाखाली ट्रायक्लोरोइथिलीन (ग्रीस काढायचं द्रावण) मुरलंय का, याबद्दल अवाक्षर नसतं. ही गल्लत इतकी सर्रास होते की आर्किटेक्टसुद्धा "सॉइल झालंय ना?" विचारून पुढे जातात.

प्रदूषणाची तपासणी हे वेगळं काम आहे. केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आणि तेव्हापासून "आता तपासणी सरकारी खर्चाने होईल, आपण कशाला पैसे घालायचे" हा सूर ऐकू येतो. म्हणून ही सरकारी सेवा आणि बाजारात मिळणारी खासगी तपासणी, दोन्ही इथे घेतल्या आहेत. मत आधीच सांगतो. सरकारी तपासणी पाचात अडीच. खासगी तपासणी, काय मागायचं हे माहीत असेल तर पाचात चार, आणि माहीत नसेल तर एक.

हे बडोद्यासाठी का महत्त्वाचं? इथला उद्योग जुना: तंत्रशिक्षणाचं कलाभवन १८९० चं, अलेंबिक ही औषध कंपनी १९०७ ची. पुढे रिफायनरी, खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरीची रासायनिक वसाहत. पूर्वी गावाबाहेर असलेले गोरवा आणि मकरपुरा हे कारखान्यांचे भाग आता भर वस्तीत आलेत. सांडपाणी समुद्राकडे नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटरचा एफ्लुएंट चॅनल १९८० च्या दशकात आला. त्याआधीची कित्येक वर्षं ते पाणी जवळच्या नाल्यांत आणि जमिनीतच जिरत होतं. गोरव्यातल्या क्रोमियम कचऱ्याचा विषय तर सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीपर्यंत गेला. अशा शहरात औद्योगिक प्लॉटवर फ्लॅट बांधताना माती न तपासणं म्हणजे पुढे तिथे राहणाऱ्या मुलांच्या तब्येतीशी खेळ आहे.

आधी सरकारी सेवा. नियमांप्रमाणे जिल्हा प्रशासन दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल करतं. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे आपल्याकडे जीपीसीबी, किंवा नेमलेली तज्ज्ञ संदर्भ संस्था ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करते. त्यात शंका राहिली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण होऊन जागा खरंच दूषित आहे का हे ठरतं. मोजमापाला आधार २०१६ च्या घातक कचरा नियमांमधल्या १८९ रसायनांचा. पातळी ओलांडलेली निघाली तर जागा जाहीर होते, तिथे जाण्यायेण्यावर निर्बंध येतात आणि सफाईचा आराखडा संदर्भ संस्था ठरवते. घाण कोणी केली हे शोधायला मंडळाला ९० दिवस असतात. तो सापडला तर खर्च त्याचा. पैसे त्याच्याकडून आले नाहीत तर केंद्र आणि राज्य मिळून सोय करतात.

यातलं चांगलं खरोखर चांगलं आहे. देशात १०३ दूषित जागा नोंदलेल्या असून काम जेमतेम सात ठिकाणी सुरू झालं होतं, कारण कोणी काय किती दिवसांत करायचं हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलेलं आहे. तपासणी विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या पैशावर होत नाही, त्यामुळे रिपोर्ट कोणाच्या सोयीचा निघण्याची शक्यता कमी. आणि जागा जाहीर होते, म्हणजे शेजारच्या सोसायटीलाही कळतं. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो.

अडचण पैसा कुठे आणि कधी येतो यात आहे. सरकारी खर्चाची तपासणी जागा 'संशयित' म्हणून यादीत गेल्यावर सुरू होते. तुम्ही एक प्लॉट घेताय, त्यावर चार मजले चढवायचेत, आणि माती कशी आहे हे आधी कळावं म्हणून अर्ज करून पैसे मिळवावेत, असा मार्ग या नियमांत नाही. वेळेचा हिशोबही मांडा. अहवाल नुकताच जाऊन चुकला असेल तर पुढच्यापर्यंत सहा महिने, प्राथमिक पाहणीचे तीन, सर्वेक्षणाचे तीन. सगळे जण दिलेल्या मुदतीत काम करतील असं धरलं तरी वर्ष जातं. बानाखताची, म्हणजे विक्रीआधीच्या कराराची, मुदत एवढी कोण देतो? शिवाय जागा दूषित ठरल्यावर सफाई अमुक दिवसांत पूर्ण झालीच पाहिजे अशी तारीख नियमांत घातलेली नाही. म्हणजे प्लॉट जाहीर होऊन, कुंपण पडून, तसाच राहू शकतो. विकणारे यादीच्या नावाने घाबरतात ते यामुळे, आणि त्यांची भीती निराधार नाही.

काही जागा तर या नियमांच्या कक्षेतच नाहीत: किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातलं तेल आणि घनकचऱ्याचे डेपो. शहराच्या दृष्टीने शेवटचं महत्त्वाचं. कचऱ्याच्या जुन्या डोंगरांसाठी स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पैसा आहे; दहा लाखांवर वस्तीच्या शहराला केंद्राचा वाटा २५ टक्के, त्याहून लहान शहरांना ३३ आणि ५० टक्के. पण तो हिशोब टनावर चालतो. कचरा उपसून, चाळून, जागा मोकळी झाली की काम पूर्ण मानलं जातं. त्या ढिगाखाली वर्षानुवर्षं झिरपलेल्या काळ्या पाण्याने मातीचं आणि भूजलाचं काय केलं, हा प्रश्न टनांत बसत नाही. अशा मोकळ्या झालेल्या जागेवर बाग होणार असेल तर खालच्या मातीची स्वतंत्र तपासणी नगरसेवकांकडे लावून धरा.

तुलनेला अमेरिकेची पद्धत बघण्यासारखी आहे, कारण तिथे पैसा उलट्या टोकाला लावलाय. २००२ च्या ब्राउनफील्ड कायद्याने शहरांना आणि संस्थांना अनुदान मिळतं ते आधी तपासणीसाठी. सफाईचं अनुदान त्याहून वेगळं. ज्या गावाला अनुदान सांभाळण्याइतकी माणसंही नाहीत, तिथे केंद्राची पर्यावरण संस्था स्वतःचे कंत्राटदार पाठवून तपासणी करून देते, गावाला बिल येत नाही. खासगी मालकाला थेट पैसे मिळत नाहीत. पालिका अनुदान घेते आणि मालकाच्या परवानगीने त्याची जागा तपासते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कामात १५० कोटी डॉलर घातले. मुख्य फरक असा, की खरेदीआधी रीतसर चौकशी केलेल्या घेणाऱ्याला जुन्या घाणीच्या जबाबदारीतून कायदेशीर संरक्षण मिळतं. त्यामुळे तिथे बँक, वकील आणि बिल्डर तिघेही चौकशीचा आग्रह धरतात. ती चौकशी शिळी होऊ नये म्हणून तिच्या मुख्य भागांना १८० दिवसांची मर्यादा आहे. आपल्याकडे असं संरक्षण नाही, म्हणून चौकशीलाही कोणी विचारत नाही. महापालिकेने टीपी स्कीममधल्या (नगररचना योजनेतल्या) औद्योगिक प्लॉटांसाठी पालिकेच्याच बजेटमध्ये तपासणीचं एक छोटं लेखाशीर्ष जरी उघडलं, तरी हा अडीचचा आकडा आम्ही आनंदाने वाढवू.

तोवर बडोद्यात जागा घेणाऱ्याला खासगी तपासणी खिशातूनच करावी लागते. ती दोन टप्प्यांत विकली जाते: कागद आणि पायी पाहणी हा पहिला, बोअर आणि प्रयोगशाळा हा दुसरा. बहुतेक लोक पहिल्या टप्प्यात काटकसर करतात आणि तिथेच फसतात.

पहिल्या टप्प्यात सात-बारा, आठ-अ, हक्कपत्रकाचा सहा नंबर किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड हे तर आलंच. पण ते मालक सांगतं, धंदा सांगत नाही. धंदा कळतो जीपीसीबीच्या संमतीपत्रांतून. कोणतं उत्पादन, किती, कोणता कच्चा माल, कोणता घातक कचरा, हे त्यात लिहिलेलं असतं. आताच्या मालकाची प्रत पुरत नाही, त्याआधीच्या भाडेकरूंचीही लागते; जीआयडीसीच्या (सरकारी औद्योगिक वसाहतीच्या) प्लॉटमध्ये ट्रान्सफर ऑर्डरवरून त्यांची नावं निघतात. मग फॉर्म ४ मधले वार्षिक घातक कचरा विवरण आणि फॉर्म १० चे मॅनिफेस्ट (कचरा बाहेर पाठवल्याचे कागद) शेजारी ठेवून बेरीज करायची. समजा वर्षाला १२ टन गाळ तयार झाला असं विवरण म्हणतं, मॅनिफेस्ट ७ टनांचे आहेत आणि वर्षअखेरचा साठा शून्य दाखवलाय. उरलेले ५ टन कुठे आहेत? बहुतेक वेळा मागच्या भिंतीकडे, भरावाखाली. मालक कागद देत नसेल तर माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून अर्ज बानाखताच्या आधी टाका. सल्लागाराच्या पहिल्या टप्प्याच्या रिपोर्टमध्ये ही बेरीज नसेल, तर तो रिपोर्ट म्हणजे गूगलचे फोटो आणि गुळगुळीत परिच्छेद, एवढंच.

पायी पाहणी पावसाळा ओसरल्यावर करावी. ऑक्टोबरच्या उन्हात भिंतीतला ओलावा बाहेर येतो आणि मीठ मागे ठेवतो. क्रोमियमचा कचरा भरावात असेल तर कंपाउंडच्या खालच्या चार-पाच थरांच्या विटांवर लिंबासारखा पिवळा पापुद्रा दिसतो. डबक्यातल्या पाण्यालाही तोच रंग चढतो. भिंतीला फुटणाऱ्या साध्या मिठाचा पापुद्रा पांढरा असतो. पिवळा दिसला तर हात लावू नका, फोटो काढा आणि बोअरचा पहिला बिंदू तिथेच धरा. बाकी बघायच्या जागा: प्लेटिंगची फरशी आणि तिच्या सांध्यांतली झीज, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाक्यांचे तळ, जनरेटरची जमिनीखालची डिझेल टाकी, ट्रान्सफॉर्मरखालची तेलकट खडी, कूलिंग टॉवरचा परिसर (पूर्वी गंज टाळायला पाण्यात क्रोमेट घालत), बॉयलरची राख आणि वापरात नसलेली प्रत्येक विहीर व बोअर. सांडपाणी उलट बोअरमध्ये सोडण्याचा प्रकार गुजरातमध्ये नवा नाही. पाण्याची जोडणी, मोटर, वीज काहीही नसलेला बोअर दिसला तर त्याचा खुलासा लेखी घ्या.

दुसरा टप्पा. इथे 'चार कोपऱ्यांत चार बोअर, एक मिश्र नमुना, सगळे धातू' असं स्वस्त पॅकेज फार खपतं. मिश्र नमुन्याचं गणित बघा. दहा ठिकाणची माती एकत्र केली. नऊ ठिकाणी शिसं किलोला २० मिलिग्रॅम, दहाव्या ठिकाणी ४००. सरासरी येते ५८. कॅनडाच्या मार्गदर्शक पातळीत राहत्या जागेसाठी शिशाची मर्यादा १४० आहे, म्हणजे रिपोर्ट हिरवा. आणि जिथे ४०० आहे तिथे उद्या झोपाळा लागणार. डाग शोधायचे असतील तर मिश्र नमुना चालत नाही, प्रत्येक बिंदू वेगळा. जाळी आखूनही सगळं सापडत नाही: २० मीटरच्या चौकोनी जाळीत (एकराला साधारण दहा बिंदू) १० मीटर व्यासाचा डाग सापडण्याची शक्यता पाचात एक. म्हणूनच पहिला टप्पा महत्त्वाचा. बिंदू कुठे घ्यायचे ते तो सांगतो.

ताकदीचा रिपोर्ट करणाऱ्याचीच रिग (बोअर पाडायचं यंत्र) वापरून दोन्ही कामं उरकू, असं सुचवलं जातं. चालेल, पण बेंटोनाइटचा गाळ घालून बोअर पाडला तर नमुना धुतला जातो, आणि रॉडच्या आट्यांना लावलेलं ग्रीस हायड्रोकार्बनच्या निकालात उतरतं. कोरडं ड्रिलिंग, ग्रीसबंदी आणि दोन बिंदूंमध्ये हत्यार धुणं, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. खोली वरच्या अर्ध्या मीटरपासून सुरू करून भराव संपून मूळ माती लागेपर्यंत, आणि तिच्या आत निदान अर्धा मीटर.

नमुन्याची हाताळणी बिघडली की पुढचं सगळं वाया. उडून जाणारी द्रावणं असतील तर प्लास्टिकच्या पिशवीतला नमुना निरुपयोगी; छोट्या कोअरने पाचेक ग्रॅम माती घेऊन जागेवरच मिथेनॉलच्या बाटलीत टाकायची, ४ अंशांवर ठेवायची, १४ दिवसांत तपासायची. पाण्यासाठी ४० मिलिलिटरची काचेची बाटली, उलटी केल्यावर आत बुडबुडा दिसता कामा नये. पाण्यातल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमला (क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार), काही न मिसळता, फक्त २४ तास मिळतात. शनिवारी दुपारी घेतलेला नमुना सोमवारी प्रयोगशाळेत पोहोचला तर तो आकडा विसरा. पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम सोडून बाकी धातूंना सहा महिने मिळतात, आणि यातूनच खर्च वाचवण्याची योग्य वाट निघते. नमुने भरपूर घ्या, धातूंचे जादा डबे सीलबंद ठेवा, आधी संशयाचे बिंदू तपासा आणि निकाल वाईट आला तरच शेजारचे डबे उघडा. रिग पुन्हा आणण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

भूजलासाठी तीन बोअर त्रिकोणात लागतातच. दोनमधून पाणी कुठे वाहतं हे ठरत नाही. विहिरीच्या तोंडाची पातळी मिलिमीटरपर्यंत मोजलेली हवी, नाहीतर नकाशावरच्या प्रवाहाच्या बाणाची दिशा अंदाजपंचे. बडोद्यात एकदाच मे महिन्यात मोजून भागत नाही, पावसाळ्यानंतरही घ्या. विश्वामित्रीच्या काठच्या सखल प्लॉटांत ऑगस्ट २०२४ च्या पुराने वरचा थर हलवलाय. त्याआधीचा पृष्ठभागाचा निकाल कोणी दाखवला तर तो आज लागू धरू नका.

आता रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं. पहिलं, 'बीडीएल' (मोजमर्यादेच्या खाली) लिहिलेल्या प्रत्येक रकान्याशेजारी प्रयोगशाळेची किमान मोजमर्यादा. हेक्साव्हॅलंट क्रोमियमसाठी कॅनडाची राहत्या जागेची पातळी किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेला २ च्या खाली मोजताच येत नसेल तर 'बीडीएल'ला काही अर्थ नाही. दुसरं, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का पुरत नाही. मान्यता त्या घटकाला आणि 'माती'ला आहे का ते स्कोपमध्ये बघा. पाण्याची मान्यता आणि मातीचा रिपोर्ट, असं पुष्कळदा दिसतं. तिसरं, टीसीएलपी. या चाचणीत १०० ग्रॅम नमुना दोन लिटर आम्लद्रावणात सुमारे १८ तास घुसळून किती विष सुटतं ते बघतात. उपसलेला माल लँडफिलला कोणत्या वर्गात जाईल ते ती सांगते. मूल मातीत खेळलं तर काय होईल हे ती सांगत नाही. टीसीएलपी पास म्हणून जागा सुरक्षित, असं लिहिणारा सल्लागार बदला. चौथं, आपल्या काळ्या मातीत बसाल्टमुळे क्रोमियम आणि निकेल मुळातच जास्त असतं. जवळच्या न वापरलेल्या जमिनीचे तीन-चार नमुने तुलनेला नसतील तर एकूण क्रोमियमचा आकडा उगाच घाबरवतो. हेक्साव्हॅलंट वेगळं मोजलेलंच हवं. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू मोजणारं) बिंदू निवडायला उत्तम, पण त्याला क्रोमियमचे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत आणि ओल्या मातीत ते कमी आकडा दाखवतं.

शेवटचं म्हणजे वापर. शिशाची तीच कॅनडाची पातळी कारखान्यासाठी ६०० आहे, राहत्या जागेसाठी १४०. कोडाइकॅनालच्या थर्मामीटर कारखान्याच्या जागेवर पाऱ्याची पातळी किलोला २० मिलिग्रॅम पुरे की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद झाला तो याचमुळे. रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'प्रस्तावित वापर: निवासी' हे शब्द नसतील तर तुलना कोणत्या रकान्याशी केली ते तपासा, जुना औद्योगिक रकाना वापरून फ्लॅटची जागा पास झालेली असू शकते.

गोदाम, शोरूम असा, माती सिमेंटच्या फरशीखाली झाकलेली राहील असा वापर असेल तर पूर्ण पहिला टप्पा आणि संशयाच्या बिंदूंवर बोअर एवढं पुरतं. फ्लॅट, शाळा, पाळणाघर, बाग असेल तर दोन्ही टप्पे पूर्ण करा. आणि कारखाना कधीच बंद पडलाय, मालक सापडत नाही, शेजारच्या बोअरचं पाणी पिवळं येतंय अशी जागा असेल तर ती खासगी खर्चाने तपासत बसू नका. कलेक्टर कचेरीत लेखी अर्ज द्या, प्रत जीपीसीबीच्या प्रादेशिक कार्यालयाला, सोबत फोटो आणि बोअरच्या पाण्याचा निकाल. सरकारी सेवा अशाच जागांसाठी आहे आणि तिथे ती खासगीपेक्षा सरस ठरते, कारण जबाबदार माणूस शोधून त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार सल्लागाराकडे नसतो.

घेणाऱ्यांसाठी बानाखतात तीन वाक्यं: तपासणीसाठी बोअर पाडायची परवानगी आणि किमान ९० दिवस, निकाल निवासी पातळीच्या वर आला तर बाना (आगाऊ दिलेली रक्कम) पूर्ण परत, आणि आधीच्या सगळ्या संमतीपत्रांच्या, फॉर्म ४ च्या व मॅनिफेस्टच्या प्रती सही करताना जोडलेल्या. तिसऱ्या वाक्याला विकणारा का-कू करू लागला, तर बोअरचा पहिला बिंदू कुठे घ्यायचा हे सल्लागाराला त्याच दिवशी विचारा.